बाटलीतलं तेल आणि परसातला शेवगा



मागच्या आठवड्यात नातसुनेने एक डबी माझ्यापुढे धरली. "आज्जी, डॉक्टरांनी मला ड जीवनसत्त्व लिहून दिलंय. डबीवर हिरवा ठिपका कुठे दिसत नाही. घेऊ का नको?"

मी चष्मा लावून डबी उलटसुलट करून पाहिली. खाण्याच्या पाकिटांवर हिरवा-तपकिरी ठिपका असतो, तो नियम औषधांना लागू नाही. कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं. आतलं ड जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या चिकट मेणापासून काढलेलं. तिला म्हटलं, "डॉक्टरांना मोकळेपणाने विचार. वनस्पतीपासून केलेलंही आता मिळतं. मिळेपर्यंत गच्चीत उन्हात बस."

तिचं काम झालं, पण माझं मन काही जागेवर येईना. हाच प्रश्न आमच्या घरात १९४४ साली उभा राहिला होता. तेव्हा गच्चीत बसून भागण्यासारखा तो नव्हता. माझ्या धाकट्या भावाच्या डोळ्यांचा प्रश्न होता. ती गोष्ट मी आजवर कुणाला सगळी सांगितलेली नाही. आता त्यातलं कुणीच राहिलेलं नाही, म्हणून लिहिते.

आमचं गाव सांगलीजवळ, कृष्णाकाठी. घरात शेती, एक गाय, दोन बैल, आणि सगळ्यांवर आज्जीची नजर. कांदा-बटाटा उंबऱ्याच्या आत यायचा नाही. गाजर, मुळा, रताळं नाही. मध नाही. चातुर्मासात पालेभाजी बंद, कारण पावसाळ्यात पानापानावर बारीक जीव असतात. दिवस मावळायच्या आत जेवण. मी तेव्हा सात वर्षांची, भाऊ चार वर्षांचा. आम्ही त्याला बाळ म्हणायचो.

त्या वर्षी वैशाखात बाळला गोवर आला. गोवर उतरला तशी हगवण लागली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्याला महिनाभर पेज आणि मऊ भात, एवढंच. तूप 'जड' म्हणून बंद. गाय त्याच सुमाराला आटलेली. आंबे आले आणि संपले, त्याला पोट बिघडेल म्हणून कुणी दिले नाहीत. मग आषाढ लागला आणि पालेभाज्या बंद झाल्या. मुलाच्या डोळ्यांना लागणारं जे जे होतं, ते एकेक करून त्याच्या ताटातून गेलं. कुणी चुकीने काढलं नाही, प्रत्येक गोष्टीला त्या त्या वेळी कारण होतं.

त्याला संध्याकाळनंतर दिसत नाही, हे आमच्या लक्षात यायला फार उशीर झाला. जेवण उजेडातच व्हायचं, त्यामुळे ताटात तो चाचपडतोय हे कधी दिसलंच नाही. त्यात लढाई. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून जपान्यांनी घेतलं आणि ब्रह्मदेशातून येणारं रॉकेल बंद झालं. घरात एकच कंदील, तोही वात बारीक करून. अंधारात सगळेच चाचपडत होते, मग एका पोराचं वेगळं चाचपडणं कुणाला कळणार?

कळलं ते दशलक्षण पर्वात. संध्याकाळी बस्तीत आरती होती. नंदादीप होता, आरतीच्या वाती होत्या, आम्हाला सगळं स्वच्छ दिसत होतं. बाळ माझा हात सोडून पुढे गेला आणि सरळ खांबावर आदळला. उठला आणि पुन्हा त्याच खांबावर गेला. आईच्या हातातलं आरतीचं ताट तिथेच थांबलं.

दुसऱ्या दिवशी आण्णा त्याला बैलगाडीतून सांगलीला घेऊन गेले. डॉक्टरांनी पापणी वर करून डोळ्यातला पांढरा भाग दाखवला. तिथे साबणाच्या फेसासारखा ठिपका होता. ते म्हणाले, हा रातांधळेपणा आहे. अ जीवनसत्त्व संपलंय. आणखी थोडे दिवस गेले तर बुबुळ मऊ पडून फुटेल आणि डोळे कायमचे जातील. आजपासून तेल सुरू करा.

कसलं तेल, हे आण्णांना लगेच कळलं. लढाईच्या आधी आमच्या एका पाहुण्यांकडे स्कॉट्स इमल्शनची बाटली असायची. तिच्यावर पाठीवर भलामोठा मासा घेतलेल्या कोळ्याचं चित्र होतं. आज्जीला अक्षर येत नव्हतं, पण चित्र कळत होतं. त्या घरी ती पाणीसुद्धा प्यायची नाही.

तो चित्रातला मासा कॉड, थंड समुद्रातला. त्याच्या यकृताचं तेल नॉर्वेहून सगळ्या जगात जायचं. ९ एप्रिल १९४० ला जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला आणि ते येणं बंद झालं. इंग्लंडला आइसलँडचा आधार होता. तिथल्या सरकारने १९४१ च्या डिसेंबरात लहान मुलांना कॉडचं तेल द्यायची योजना सुरू केली. पुढे अमेरिकेहून आणलेला संत्र्याचा रसही दिला. जंगली गुलाबाची फळं शाळेतल्या मुलांकडून गोळा करून त्यांचं सरबत केलं, कारण त्यात क जीवनसत्त्व भरपूर. युद्धाच्या धामधुमीतही त्या लोकांनी आपल्या लेकरांचा हा विचार केला, हे कबूल करायला हवं.

आपल्याकडे पर्याय शोधला गेला तो शार्कचा. कोकणात लहान शार्कला मुशी किंवा मोरी म्हणतात. मद्रास सरकारच्या मत्स्य खात्याने कालिकतला तिच्या यकृताचं तेल काढायला सुरुवात केली, त्रावणकोर संस्थानानेही केली. आपल्या किनाऱ्यावरच्या शार्कच्या तेलात अ जीवनसत्त्व कॉडपेक्षा पुष्कळ जास्त निघालं, ड मात्र कमी. ते इतकं तीव्र असायचं की त्यात शेंगदाण्याचं तेल मिसळून प्रमाणात आणावं लागे. हे सगळं मला पुढे वाचून कळलं. तेव्हा माझ्यापुरतं ते तेल म्हणजे एक काळपट बाटली होती. तिच्यावर चित्र नव्हतं, नाव नव्हतं, फक्त किती द्यायचं याची कागदाची पट्टी चिकटवलेली होती.

ती बाटली आईने गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवली.

पर्व चालू होतं. आईचं रोज एकाशन होतं. सकाळी बस्तीतून येऊन, ओलेत्याचं लुगडं बदलून ती बाळला गोठ्यात घेऊन जायची. त्याचं नाक मी धरायचं, चमचा आईने घालायचा, वर गुळाचा खडा. मग त्याचं तोंड पाण्याने धुवायचं आणि चमचा राखेने तीनदा घासून गोठ्यातच ठेवायचा. आईने मला एवढंच सांगितलं होतं, "कुणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही. पण कुणी विचारायच्या आधी सांगायचंही नाही." सात वर्षांच्या पोरीला हे फार जड होतं. मला वाटायचं, पाप नाक धरणाऱ्याला जास्त लागतं का चमचा घालणाऱ्याला?

पाचव्या की सहाव्या दिवशी आज्जीला वास आला. बाळ रात्री तिच्याच कुशीत झोपायचा. ती सकाळी उठून आईसमोर येऊन उभी राहिली.

"पोराच्या तोंडाला कसला वास येतोय?"

"औषधाचा, आत्याबाई."

"कशाचं औषध?"

आईने मान खाली घातली नाही. म्हणाली, "माशाचं."

मी चुलीमागे होते. मला वाटलं आता घर कोसळणार. आण्णा दारात येऊन थांबले, पण बोलले नाहीत. आज्जी भिंतीला टेकून खाली बसली. बराच वेळ तिच्या ओठांची हालचाल चालू होती, णमोकार चालू होता. मग तिने विचारलं, "त्याला दिसायला लागलं का?"

"काल दिवेलागणीनंतर उंबरा ओलांडला. अडखळला नाही."

"मग आहे ती बाटली संपव. दुसरी आणू नको. दुसरीची वेळ येऊ द्यायची नाही."

एवढंच. नंतर ती त्या विषयावर आयुष्यात बोलली नाही. आईला तिने दोष दिला नाही आणि बरं केलंस असंही म्हणाली नाही. आईने त्या दिवसापासून वर्षभर गोड सोडलं. रसत्याग कशासाठी, हे तिने कुणाला सांगितलं नाही, पण घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दिवाळीच्या फराळात तिच्या ताटात फक्त तिखटाचे पदार्थ असायचे.

आज्जीने मात्र त्याच दिवसापासून घरातली ताटं बघायला घेतली. शेजारून दुधाचा रतीब लावला. बाळच्या भातावर तूप पुन्हा आलं. पपई पिकली की पहिली फोड त्याची. कार्तिकात चातुर्मास संपला तसा परसातला शेवगा सुरू झाला. शेवग्याच्या शेंगा सगळेच खातात, पाल्याला तोवर आमच्याकडे कुणी विचारत नव्हतं. आज्जी पानं कवळीच घ्यायची, पान न् पान उजेडात धरून निवडायची, धुऊन, मूगडाळ घालून भाजी करायची आणि वरून तूप. हे कुठून शिकलीस, असं आम्ही विचारलं नाही. तिच्या माहेरच्या कुणा वैदूकडून असेल. त्या वर्षापासून तिने एक नियम केला. फाल्गुन ते ज्येष्ठ, म्हणजे चातुर्मास लागायच्या आधी, घरातल्या प्रत्येक मुलाला आठवड्यातून तीनदा पाला खायलाच लागायचा. आंबा तर पोटभर. पुढच्या पावसाळ्यात बाळला काही झालं नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. दुसरी बाटली कधीच आली नाही.

आज्जीला शास्त्र ठाऊक नव्हतं, पण तिने केलं ते शास्त्राला धरून होतं. अ जीवनसत्त्व शरीर यकृतात साठवतं आणि ती शिल्लक काही महिने पुरते. मार्च ते जूनपर्यंत भरलेली कोठी चातुर्मासात वापरता येते. पानातल्या कॅरोटिनचं अ जीवनसत्त्व शरीरात होतं, आणि ते अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो, म्हणून वरचं तूप. पुढे भारतीय अन्नाचे तक्ते माझ्या हाती आले तेव्हा मी पहिल्यांदा शेवगा शोधला. १०० ग्रॅम पाल्यात ६७८० मायक्रोग्रॅम कॅरोटिन, आणि ज्या गाजराचं एवढं कौतुक होतं त्यात १८९०. हादग्याच्या पाल्यातही ५४००. आम्ही मुली आश्विनात हादग्याची गाणी म्हणत फेर धरायचो, पण त्याची पानं डोळ्यांची आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता सगळ्यात मनाला लागणारी गोष्ट. हे ज्ञान तेव्हा देशात होतं. निलगिरीत कुन्नूरला पोषणाची सरकारी प्रयोगशाळा होती. तिथले डॉ. आयक्रॉइड आणि त्यांचे सहकारी आपल्या धान्यांचे, पालेभाज्यांचे, फळांचे घटक मोजत होते, आणि १९३७ मध्ये त्यांनी ते तक्ते छापलेही. म्हणजे बाळ खांबावर आदळला त्याच्या सात वर्षं आधी, शेवग्याच्या पाल्यात काय आहे ते कागदावर आलं होतं. आमच्या गावापर्यंत मात्र कागद आला नाही, बाटली आली. पानाचा प्रचार करायला कुणी येत नाही, कारण पान विकून कुणाचं दुकान चालत नाही.

आवळ्याचंही असंच. इंग्लंडच्या मुलांसाठी समुद्र ओलांडून संत्र्याचा रस येत होता. आपल्या तक्त्यांत १०० ग्रॅम संत्र्यात क जीवनसत्त्व ३० मिलिग्रॅम आणि आवळ्यात ६००. १९४० च्या सुमारास पंजाबातल्या हिसार भागात दुष्काळ पडून लोकांना स्कर्व्ही झाला, तेव्हा आवळा उपयोगी पडला होता. आमच्याकडे च्यवनप्राश चालायचा नाही, कारण त्यात मध. आसव-अरिष्टं चालायची नाहीत, कारण ती आंबवलेली. मद्य, मांस, मधु या तिन्हींतून गाळून जे उरायचं ते म्हणजे उन्हात वाळवलेली आवळकाठी, खारीक, डिंक आणि अळीव. लहानपणी मला वाटायचं, आपल्या धर्मात सगळ्याला नाहीच. आता वाटतं, जे उरलं होतं ते काही थोडं नव्हतं. फक्त ते नेमाने आणि समजून खायला हवं होतं.

लढाई संपली, देश स्वतंत्र झाला. माझी धाकटी बहीण शाळेत जाऊ लागली तेव्हा युनिसेफची दूध पावडर आली होती. मोठ्या पातेल्यात कालवून वाटायचे. मलई काढलेल्या दुधाची ती पावडर, त्यामुळे तिला घरच्या दुधाची चव नव्हती. बहीण नाक मुरडायची. आज्जीने शाळेत जाऊन एकच प्रश्न विचारला, "हे दूधच आहे ना?" हो म्हटल्यावर म्हणाली, "मग पी." बाटलीच्या अनुभवानंतर ती प्रत्येक गोष्टीला एवढंच विचारायची, कशाचं आहे? नाही म्हणायची तिला घाई नसायची.

पुढे या विद्येने आम्हाला एक मोठा दिलासा दिला. १९४७ साली स्वित्झर्लंडमध्ये ओटो इस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ जीवनसत्त्व प्रयोगशाळेत तयार करण्याची पद्धत बसवली. त्याला माशाची गरज राहिली नाही. आणि मला वाचून गंमत वाटली ती अशी की, त्यासाठी लागणारा कच्चा माल ज्या सिट्रलपासून करता येतो, ते आपल्या गवती चहाच्या तेलात भरपूर असतं. केरळातून हे तेल परदेशी जायचं. चहात टाकायला परसातून खुडतो त्याच कुळातलं हे पान. १९७० पासून आपल्या सरकारने लहान मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस चमच्याने पाजायला सुरुवात केली. माझ्या मुलांपैकी धाकट्याला तो मिळाला. त्या दिवशी आई आमच्याकडे होती. नर्सच्या हातातला चमचा बघून तिने मला हळूच विचारलं, "कशाचं आहे?" मी म्हटलं, "माशाचं नाही, आई." ती काही बोलली नाही. पदराने डोळे पुसून आत गेली.

त्या दोघींत कोण बरोबर, हा प्रश्न मी आयुष्यभर मनात घोळवला आहे. आपल्या शास्त्रात स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि मान्यता दिलेलं, म्हणजे कृत, कारित, अनुमोदना, या तिन्हींचा दोष सांगितला आहे. तेव्हा आम्ही मासा मारला नव्हता असं म्हणून सुटता येत नाही. आईनेही तसं कधी म्हटलं नाही. तिने दोष नाकारला नाही, तो आपल्या अंगावर घेतला आणि वर्षभर फेडला. त्या आठवड्यात शेवग्याची भाजी देत बसलो असतो तर डोळे गेले असते, कारण पानाचा गुण सावकाश येतो आणि हगवणीने खंगलेल्या पोटात तो पुरता लागतही नाही. आई त्या आठवड्यापुरती बरोबर होती. आणि आज्जी पुढच्या सगळ्या वर्षांसाठी बरोबर होती. संकट आल्यावर व्रत मोडायचं का, एवढ्यावरच आपण वाद घालत बसतो. ते संकट आपल्या ताटातूनच कसं आलं, ते तिने शोधलं.

म्हणून घरात लहान मुलं आणि गरोदर बाया असलेल्या माझ्या मैत्रिणींना दोन गोष्टी सांगते. आपण जितकं सोडतो, तितकं उरलेलं समजून खायला हवं. पालेभाजी चार महिने बंद ठेवायची असेल तर बाकीचे आठ महिने ती मुलांच्या ताटात हवी, तूप घालून हवी. आणि आजारी मुलाचं तूप, फळ, भाजी 'जड' म्हणून महिनामहिना बंद ठेवू नका. ते कोणत्याही शास्त्रात लिहिलेलं नाही, आपल्याही नाही आणि डॉक्टरांच्याही नाही. मुलाला तिन्हीसांजेला चाचपडताना पाहिलंत, तर घरगुती उपायात दिवस घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि औषध कशाचं आहे ते निर्भीडपणे विचारा. आज बहुतेक वेळा चालणारा प्रकार मिळतो. माझ्या आईला तो मिळाला नव्हता.

बाळ पंचाहत्तरी ओलांडून गेला. म्हातारपणी सगळ्यांसारखा त्यालाही मोतीबिंदू झाला, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी डोळ्यांना काही झालं होतं का? तो म्हणाला, "नाही." त्याला खरंच काही आठवत नव्हतं. मी शेजारी बसले होते. कुणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही, विचारायच्या आधी सांगायचं नाही. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी गप्प बसले.

नातसुनेला वनस्पतीपासून केलेल्या गोळ्या मिळाल्या. शेवग्याचं झाड आमच्या सोसायटीच्या कुंपणालाच आहे. रविवारी माळ्याला सांगून कवळा पाला काढून घेतला, मूगडाळ घालून भाजी केली. पणतीने एक घास खाल्ला आणि ताट बाजूला सारलं. उद्या थोडं जास्त तूप घालून बघते.